चिंचेचा इसार

मुंबई,
२२ जुलै २००१

मामा,

आधी पाया पडते, मग भांडते. आईला तुम्ही म्हणे सांगितलंत की वृषाली दिवसभर फोनवर गप्पा मारते आणि बँक तिला त्याचा पगार देते. आणि मला वर विचारता, "तू नेमकं इकतेस काय? ना कांदा, ना कापड." आता ऐकाच.

सरकारला धरणं, रस्ते करायला पैसे लागतात. ते बँकांकडून, लोकांकडून उसने घेतं आणि कागद लिहून देतं, की २०१५ साली मुद्दल परत करू आणि तोवर दरसाल शंभराला अकरा रुपये व्याज देऊ. त्या कागदाला म्हणायचं रोखा. ज्याच्याकडं तो आहे त्याला मधेच पैशाची नड लागली तर तो दुसऱ्याला विकतो. आमच्या खोलीत हीच खरेदी-विक्री चालते आणि ती फोनवर होते. त्या माझ्या गप्पा!

खरी गंमत पुढंच आहे. आता व्याजाचे दर उतरलेत, नवे रोखे नऊ-साडेनऊ टक्क्यांचे निघतात. मग अकरावाला जुना कागद कुणाला नको? शंभराचा तो कागद आज एकशे बाराला जातोय. व्याज उतरलं की जुन्या रोख्याचा भाव चढतो, व्याज चढलं की भाव पडतो. पहिल्या दिवशी मी हे पडद्यावर पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. २०१५ साल अजून उजाडायचंय, तोवर कोण असेल कोण नसेल कुणाला ठाऊक, आणि त्या सालच्या रुपयाची किंमत माझ्यासमोर मिनिटामिनिटाला हलतेय. दिल्लीत कुणीतरी एक वाक्य बोलतं आणि चौदा वर्षांनंतर मिळायचा पैसा इथं दुपारीच महाग होतो. वर्ष झालं मला तिथं, अजून सवय होत नाही.

आणि या महिन्यात शेअर बाजारात आणखी एक नवल सुरू झालंय. 'ऑप्शन' म्हणतात. आज थोडे पैसे द्यायचे, आणि अमुक तारखेपर्यंत अमुक भावानं तो शेअर घ्यायचा हक्क आपला. भाव वाढला तर घ्यायचा. पडला तर घ्यायचा नाही, दिलेले थोडे पैसे गेले. म्हणजे हक्क आहे, सक्ती नाही. आणि तो नुसता हक्क पण बाजारात विकला जातो, मामा! हातात काही नाही, शेअर नाही, पैसा नाही, फक्त 'वाटलं तर घेईन' एवढं म्हणायची मुभा, आणि तिला भाव आहे. कळलं का मी काय विकते ते?

तुमची,
वृषाली


अवसरी बुद्रुक,
१० ऑगस्ट २००१

वृषाले,

आशीर्वाद घे आणि जरा दम खा. तुजं पत्र पारावर वाचून दाखिवलं. सरकारसुदिक उसनं घेतं म्हणल्यावर समदे लई खूष झाले. शेजारचा सोपान म्हणला, मग आपली काय लाज. मला मात्र ते २०१५ चं वाचून गरगरलं बघ. तिकडं तुज्या मामीच्या माहेरी, खोडदला, त्या आभाळाकडं तोंड करून बसलेल्या मोठ्या ताटल्या हायेत न्हवं का, त्यात म्हणं ताऱ्यांचा लाखो वर्सांपूर्वीचा आवाज आज ऐकू येतो. आन् तुज्याकडं पुढल्या चौदा वर्सांचा पैसा आज मोजत्यात. माणसाच्या जातीनं आता मागचं-पुढचं काय ठिवलंच न्हाई.

पण तुजं ते ऑप्शन काय नवं न्हाई गं बाई. त्याला आमी इसार म्हणतो. बैल आवडला, पैसं पुरं न्हाईत, तर मालकाच्या हातावर इसार ठिवायचा. पुढल्या बाजारापत्तूर बैल तुजा. न्हाई आलास तर इसार बुडाला. आन् एकदा इसार पडला की त्या बैलाला दुसरं गिऱ्हाईक हात लावत न्हाई. इचारीत बी न्हाई. ही बाजाराची रीत.

तुला हसायला एक सांगतो. आपल्या वरल्या तुकड्याच्या बांधाची चिंच हाय न्हवं, तिच्यावर इसार पडलाय. तुज्या मामाचा ऑप्शन! त्र्याण्णव साली मी ती तोडायलाच काढली व्हती. तिच्या सावलीत कांदा पोसत न्हाई, आन् मला मोटारीच्या पाइपाला पैसं पायजे व्हतं. तुजी मामी आठ दिस माज्याशी बोलली न्हाई. भाकरी वाढायची आन् तोंड फिरवायची. त्यात दिवाळीच्या पाडव्याला सावळेराम आला. नारायणगावात त्याची लाकडाची वखार हाय. मूळचा खोडदचा, म्हणून तुजी मामी त्याला ओवाळायची. तो म्हणला, दादा, चिंच मला द्या, अकरा हजार देतो, पण आत्ता न्हाई. आज पाचशे एक इसार घ्या, आन् दहा वर्सांची मुदत द्या. दहा वर्सांच्या पाडव्यापत्तूर कवाबी येऊन नेईन.

दहा वर्सं! इसार म्हंजे आठवडा, लई तर म्हयना. मला वाटलं ह्याचं डोकं फिरलं. पाचशे फुकट येत्यात, झाड बी जाग्यावर ऱ्हातंय, घेतलं. वर हसलो बी. मामीनं मात्र त्या दिवशी त्याला चहात मूठभर साखर घातली. म्हणलं, बाईला माहेरचा माणूस दिसला की साखरेचा भाव आठवत न्हाई. आता ती न्हाई, पण ती साखर आठवती.

चांगदेव मामा


मुंबई,
३ सप्टेंबर २००१

मामा,

तुमचं पत्र वाचून मी हसले नाही. घाबरले.

आमच्या साहेबांना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. त्यांनी डबा बाजूला सारला आणि आम्ही दोघांनी तुमची चिंच काँप्युटरवर चढवली. खरंच चढवली. असा हक्क किती मोलाचा हे काढायचं गणित असतं. त्यात मालाची आजची किंमत लागते, ठरलेला भाव लागतो, व्याज लागतं, किंमत किती वरखाली उड्या मारते ते लागतं. पण सगळ्यात जास्त वजन मुदतीला. जितका वेळ जास्त तितका हक्क महाग, कारण वेळेत काय वाटेल ते होऊ शकतं. साहेब म्हणाले, "तुझ्या मामानं दहा वर्षं पाचशे रुपयांना विकली. मी आयुष्यात एवढा स्वस्त ऑप्शन पाहिला नाही."

मी आईकडून चौकशी केली. मंचर, चाकणकडं वीटभट्ट्या वाढल्यात, भट्टीच्या जळणासाठी तसल्या जुन्या चिंचेला आज तीस हजार सहज येतात. सावळेरामांचा भाव अकराच. मग ते सोडतील का? आज आले नाहीत याचा अर्थ विसरले असा नाही. ज्याच्याकडं हक्क आहे त्याला थांबायला काही पडत नाही. झाड तुमच्या मातीत, तुमच्या पाण्यावर वाढतंय, आणि वाढ त्यांची. शहाणा माणूस शेवटच्या दिवसापर्यंत थांबेल आणि शेवटच्या दिवशी करवत घेऊन येईल. आमच्या बाजारात असंच होतं, मामा. फायद्याचा हक्क कुणी वाया जाऊ देत नाही.

तुम्हाला ती तोडलेली चालणार आहे का? मी तिच्याच बुंध्याला टेकून दहावीचा अभ्यास केला. मामीची चिंच फोडायची जागा ती. चालणार नसेल तर आत्ताच जा, इसार दुपटीनं परत करा, लागले तर जास्त द्या. मी पाठवते. उशीर करू नका.

वृषाली


अवसरी बुद्रुक,
१५ जानेवारी २००२

वृषाली,

चार म्हयने पत्र न्हाई म्हणून आई रागावली आसंल. मी तुज्यावरच रागावलो व्हतो. चांगला दोन घटका चिंचंखाली बसत व्हतो, तू येऊन माजी बैठकच मोडलीस. आता बसलो की वर बघतो आन् फांद्या मोजतो.

तुला खरं सांगू का, ती आपल्याला इतकी लागंल आसं मला वाटलं न्हवतं. तरण्यापणी मला ती बांधावरची अडगळ वाटायची. मामी गेल्यावर घरात करमंना, म्हणून तिथं जाऊन बसायला लागलो. तिचा तो चिंच फोडायचा दगड आजून तितंच हाय, मधी खळगा पडल्याला. दुपारी ऊन फिरलं की सावली बरूबर त्या दगडावर येती. मी गप बसून ऱ्हातो. कोन काय बोलत न्हाई, पण एकलं बी वाटत न्हाई. ती गेली तर मी कुठं बसू?

संक्रांतीच्या आधी यष्टीनं नारायणगावला गेलो. सावळेरामापुढं हजार रुपये ठिवलं, म्हणलं, बाबा, दुप्पट घे आन् मोकळं कर. तो हसला. म्हणला, "दादा, घाई काय? मुदत हाय की आजून." दोन हजार म्हणलो, पाच म्हणलो. न्हाईच. चहा पाजला, वर इचारतो, "झाड बरं हाय न्हवं? वाळवी तर न्हाई ना लागली?" खाटकानं बोकडाची तब्येत इचारावी तसं वाटलं मला. येताना यष्टीत डोळ्याला पाणी आलं, लोकं बघत व्हती.

त्यात गंमत बघ. ह्या सालात भट्टीवालं तीन जण येऊन गेलं. एक तर नोटा काढूनच उभा ऱ्हायला. मी म्हणलं, इसार पडलाय. झालं, पैसं खिशात घालून गेलं. कुनी घासाघीस केली न्हाई.

सुदर्शन म्हणतोय, "दादा, कागद हाय का त्याच्याकडं? न्हाई ना? मग कसला इसार आन् कसलं काय." पोटचा पोरगा असं बोलतोय. मी म्हणलं, इसार घेताना हात माजा व्हता, कागद न्हवता, तवा हातच मोडून टाक माजा. बोललो खरं, पण रातभर तळमळलो. तुज्या गणितात दुसरी काय वाट हाय का बघ.

चांगदेव मामा


मुंबई,
३ फेब्रुवारी २००३

मामा,

वर्षभर मी शोधत होते आणि तुम्हाला फोनवर "बघते, बघते" म्हणत होते. आज लिहून टाकते, वाट नाही.

इथं काय चाललंय ते तुम्ही पाहायला हवं होतं. व्याज उतरतंय, उतरतंय, थांबायचं नाव नाही. अकरा टक्क्यांचा तो २०१५ चा कागद एकशे चाळीसच्या वर गेलाय. ज्यांनी तो नुसता पेटीत टाकून ठेवला त्यांनी काहीसुद्धा केलं नाही, फक्त जवळ ठेवला. त्या आकड्याकडं आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो, फोन वाजत होते आणि कुणी उचलत नव्हतं. देवळात दिवे लागल्यावर माणसं गप्प होतात ना, तसं झालं होतं. एवढा मोठा पैसा आवाज न करता वर चढताना पाहिला की भीती वाटते आणि हात पण जोडावेसे वाटतात.

पण याच बाजारानं मला तुमचं उत्तर नाही दिलं. आम्हाला एखाद्या मालाची भीती वाटली तर आम्ही तसाच दुसरा माल घेऊन ठेवतो. इथं बुडालं तर तिथं निघतं. साहेबांना विचारलं, चिंचेचं काय करू? ते म्हणाले, तशीच दुसरी चिंच घे. मी म्हटलं, तशी दुसरी नाहीये. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मग बाजार काही करू शकत नाही. ज्याच्यासारखं दुसरं असतं, त्याचाच बचाव होतो."

आणि सावळेराम पाच हजारालाही सोडत नाहीत, याचा अर्थ त्यांना त्यात त्याहून जास्त दिसतंय. माफ करा मामा, पण ते येणार. दिवाळीच्या पाडव्याला मी तुमच्याजवळ असेन. एवढं माझं वचन.

वृषाली


मुंबई,
१४ ऑक्टोबर २००३

मामा,

वचन मोडतेय. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलंय, दिवस अगदी भरत आलेत. आई माझ्याजवळ आहे. पाडव्याला तुम्ही एकटे असाल याचं मला फार वाईट वाटतंय. सुदर्शनदादाला घरी थांबायला सांगा. करवत चालू झाली तर तिथं उभे राहू नका, घरात या. आणि मला लगेच लिहा, फोनवर तुम्ही नुसतं "बरं हाय" म्हणता.

वृषाली


अवसरी बुद्रुक,
४ नोव्हेंबर २००३

वृषाले,

आरोहीला माजा लाख आशीर्वाद. बारशाला आलो न्हाई म्हणून रुसू नगं. झाडाला सोडून निघवंना, का ते खाली कळंल.

पाडव्याला सकाळधरनं चिंचंखाली जाऊन बसलो. सुदर्शननं डबा तिथंच आणला. गाडीचा आवाज आला की उठून रस्त्याकडं बघायचो. दुपार झाली, कोन न्हाई. ऊन कलायला आलं तवा सावळेराम आला. चालत. एकटा. संगं ना टेम्पो, ना माणसं, ना करवत. हातात पेढ्याची पुडी.

माज्या शेजारी दगडावर टेकला. झाडाकडं वर बघत ऱ्हायला. मी म्हणलं, बाबा, काय ते करून टाक, मला आसं टांगून ठिवू नगं. तर म्हणला, "दिवस तर मावळू द्या." सूर्य डोंगराआड गेला, दगडावरचं ऊन निघालं. तवा त्यानं माज्या हातावर पेढा ठिवला. म्हणला, "दादा, मुदत सरली. इसार बुडाला. झाड तुमचं."

मला खरंच वाटंना. म्हणलं, आरं, तीस हजाराचा माल अकराला मिळत व्हता, तुजं डोकं जाग्यावर हाय का? हजार दिलं, पाच दिलं, घेतलं न्हाईस, आन् आज फुकट सोडतोस?

तो म्हणला, "कसं घेणार? इसार माजा न्हवताच."

आता नीट वाच, वृषाली. ते पाचशे एक तुज्या मामीचे व्हते. दोन सालं लोकांची चिंच फोडून साठिवलेले. ते पदराच्या गाठीत बांधून ती भर उन्हाची नारायणगावला गेली, सावळेरामापुढं गाठ सोडली आन् म्हणली, "भाऊ, माजा मालक कुनीबी मागितलं तर देऊन टाकील. माजं ऐकायचा न्हाई. तुजा इसार पडला की दुसरा कोन यायचा न्हाई. दहा वर्सांची मुदत माग. कांद्याला सावली नगं, पर माणसाला लागती. त्यांना ते कळायला तेवढी वर्सं लागतील. मग तेच इकायचे न्हाईत." आन् त्याला शपथ घातली, मुदत सरंपत्तूर बोलायचं न्हाई. ती गेल्यावर बी तो बोलला न्हाई. मी पाच हजार म्हणलो तवा त्यानं घेतलं आसतं, तर त्याच दिवशी झाड मोकळं झालं आसतं, म्हणून घेतलं न्हाई. आन् मी त्याला खाटीक म्हणलो गं.

मी रडलो. सुदर्शनसमोर, सावळेरामासमोर, मोठ्यानं रडलो. इतकी सालं मी ज्या सावलीत बसलो ती तिनं मला घेऊन दिली व्हती, आन् मला वाटत व्हतं मी पाचशे फुकट कमावलं. एका चहात जरा जास्त साखर पडली, एवढंच मला दिसलं. बाईनं माज्या संगं भांडायचं सोडून माज्या म्हातारपणावर इसार ठिवला. तुज्या साहेबाला हे सांग, आन् इचार, ह्याचं गणित आसतं का.

सावळेराम भाऊबीजंला थांबला. ओवाळायला घरात कोन न्हवतं, तरी जेवला, आन् जाताना चिंचंच्या बुंध्याला हात लावून पाया पडला.

आता कामाचं. पाडव्यापासनं झाड मोकळं हाय. ही खबर भट्टीवाल्यांना कशी लागती देव जाणं. माज्यावर माजा भरोसा हाय, पण मी आज हाय उद्या न्हाई, आन् सुदर्शनला अजून सावलीची गरज पडली न्हाई. म्हणून तू आसं कर. आरोहीच्या मुठीत एक रुपया दे, आन् तोच रुपया मला पाठव. जास्त नगं, एकच. मुदत किती घालायची ते तूच ठरव, तुला त्यातलं कळतं. मी म्हणतो, ती पोर इथं येऊन बसंल आन् सोताच्या तोंडानं "झाड तोडू नका" म्हणंल, तवर.

जरा लवकर पाठव. आज सकाळीच एक जण नोटा घेऊन आला व्हता. म्हणला, इसार सरला म्हणं. मी म्हणलं, नवा पडलाय. खोटं बोललो बाई, जल्मात पहिल्यांदा. तेवढं खरं करून दे.

चांगदेव मामा